मनाच्या आजारांना त्यांची नावं

महाराष्ट्रात शासनाची चार जुनी मनोरुग्णालयं आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. या गावांची नावं आपण टोमणे मारायला वापरत आलो आहोत. मुंबईकडे कुणी विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात, पुण्यात येरवड्याचं नाव निघतं, कोकणात रत्नागिरीचं. चार माणसं हसतात. त्या चौघांत एखादा असा असतो, ज्याच्या घरातलं कुणीतरी खरोखरच तिथे उपचार घेऊन आलेलं असतं, आणि तो हळूच विषय बदलतो. घरात कुणाला मधुमेह निघाला तर शेजारीपाजारी साखरेचे आकडे विचारतात, मेथीचे दाणे सुचवतात. मनाचा आजार निघाला तर आधी धाकट्या बहिणीचं लग्न आठवतं आणि केस पेपर कपाटात कपड्यांखाली जातो.

दुसरीकडे याच विषयातले शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. सोमवारी कामावर जायचा कंटाळा आला की ‘डिप्रेशन’, कपाट नीटनेटकं ठेवणारी मैत्रीण ‘ओसीडी’, सकाळी हो आणि संध्याकाळी नाही म्हणणारा साहेब ‘बायपोलर’, मनाला लागलेली कुठलीही गोष्ट ‘ट्रॉमा’. हे शब्द इतके स्वस्त झाले आणि तरी ज्याला त्यांची खरी गरज आहे त्याच्या वाट्याला येत नाहीत. तीन महिने अंथरुणातून न उठणाऱ्या मुलाला घरात आळशी म्हणतात. छातीत धडधडून घाम फुटणाऱ्या सुनेला नाटकी म्हणतात. विस्मरणाचा आजार जडलेल्या आजोबांना म्हातारचळ लागला असं म्हणतात, आणि ज्याच्या कानात आवाज येतात त्याला बाहेरचं काहीतरी झालेलं असतं.

हे पुस्तक या दोन टोकांच्या मध्ये उभ्या असलेल्या वाचकासाठी आहे. मानसशास्त्रातल्या आणि मानसिक आरोग्यातल्या मुख्य संकल्पना, आजारांची नावं, उपचारांचे प्रकार आणि कायद्यातल्या तरतुदी यांची त्यात सोप्या मराठीत ओळख करून दिली आहे. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. मनाच्या आजाराला त्याचं नेमकं नाव वेळेवर मिळालं, तर पेशंटची आणि त्याच्या घरच्यांची पुष्कळ फरफट वाचते. आणि नाव नेमकं आहे का, याकडे जाणारी वाट तीन साध्या प्रश्नांवरून जाते. हा त्रास किती दिवसांपासून आहे? किती तीव्र आहे? त्यामुळे रोजचं काय अडलं आहे?

दुःख आणि नैराश्य यांतला फरक या प्रश्नांनीच कळतो. परीक्षेत अपयश आलं, लग्न मोडलं, वडील गेले, तर माणूस रडणारच. अन्न गोड लागत नाही, झोप उडते. पण त्या दिवसांतही नातवाने गळ्यात हात टाकला की क्षणभर चेहरा उजळतो, आणि दिवस जातात तशी दुःखाची धार कमी होते. नैराश्याच्या आजारात हे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची डीएसएम, या दोन वर्गीकरणांचा जगभरातले डॉक्टर निदानासाठी आधार घेतात. दोन्हींत नैराश्यासाठी किमान दोन आठवड्यांची अट आहे. जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असणं किंवा आवडीच्या गोष्टींतला रस आटून जाणं, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता, स्वतःबद्दलचा विश्वास यांतलं बरंच काही बिघडलेलं असणं.

आपल्याकडे पेशंट हे अशा भाषेत सांगत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांकडे पन्नाशीची बाई येते. अंगात त्राण नाही, डोकं जड आहे, हातापायांना मुंग्या येतात, पित्त उसळतं. रक्त तपासलं जातं, हिमोग्लोबिन बरं निघतं. शक्तीच्या गोळ्या होतात, एखादं सलाईन होतं. पंधरा दिवसांनी ती पुन्हा येते. कुणी निवांत बसून झोपेचं विचारलं तर कळतं की पहाटे तीनला डोळे उघडतात ते मग मिटतच नाहीत. सकाळची वेळ सगळ्यात वाईट जाते, संध्याकाळकडे जरा हलकं वाटतं. समोर मालिका चालू असते पण काय चाललंय ते डोक्यात शिरत नाही. भाजीत मीठ टाकलं की नाही, लक्षात राहत नाही. ‘कशातच राम वाटत नाही’ हे वाक्य सगळ्यात शेवटी येतं, तेही बरोबर आलेला मुलगा बाहेर गेल्यावर. पहाटेची जाग आणि सकाळचा जडपणा ही तीव्र नैराश्याची जुनी, डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची खूण आहे. रक्ताच्या रिपोर्टात ती सापडत नाही. विचारावी लागते.

अशा बाईला ‘मन रमव, देवाधर्माचं कर, लोकांची दुःखं बघ’ असं सांगणारे तिचं भलंच चिंतत असतात. पण मन रमवायला जी शक्ती लागते, तीच या आजाराने काढून घेतलेली असते. सांगणाऱ्याला ते दिसत नाही आणि ऐकणारीला वाटतं की आपल्यालाच जमत नाही, म्हणजे दोष आपलाच. आजाराच्या ओझ्यावर अपराधीपणाचं आणखी एक ओझं.

काळजी आणि भीती यांचंही तसंच. भीती माणसाला वाचवण्यासाठी आहे. साप दिसल्यावर छाती धडधडलीच पाहिजे. काहीच समोर नसताना तीच धडधड अचानक सुरू होते, श्वास कोंडतो, हात गार पडतात, आता आपण मरणार असं वाटतं आणि काही मिनिटांत ती शिगेला पोचून ओसरते, तेव्हा तो पॅनिक अटॅक असतो. असे पेशंट पहिल्यांदा हृदयाच्या डॉक्टरांकडे जातात, आणि जावंही, कारण हृदयविकार नाही याची खात्री करणं आवश्यकच आहे. चूक पुढे होते. ईसीजी नॉर्मल आला की ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून घरी पाठवतात. झालेलं असतं, फक्त हृदयाला नाही.

एका आजाराजवळ मला जरा जास्त थांबायचं आहे, कारण आपल्या घरांत तो फार सहज लपतो. आपल्या आज्या ज्याला मंत्रचळ म्हणत, तोच ओसीडी. दुधाची पिशवी बाहेरून आली म्हणून बाई ती धुते. इथवर ठीक आहे. पिशवी धुताना हात नळाला लागला म्हणून ती नळ धुते. नळ धुताना पाणी ओट्यावर उडालं म्हणून ओटा धुते, आणि मग पुन्हा हात. साबणाने बोटांची सालं निघालेली असतात. आंघोळीला दीड तास लागतो. मुलांनी शाळेतून आल्यावर दप्तर गॅलरीतच ठेवायचं, नवऱ्याने दारातच कपडे बदलायचे. हे अति होतंय हे तिला स्वतःला बहुतेक वेळा समजत असतं. समजूनही थांबता येत नाही, हाच तर आजार आहे.

त्यामागचं चक्र असं चालतं. नको असलेला विचार डोक्यात घुसतो: हाताला घाण लागली, माझ्यामुळे मुलं आजारी पडतील. जीव कासावीस होतो. हात धुतले की कासाविशी उतरते. ती उतरली म्हणून मेंदू शिकतो की धुणं हाच उपाय, आणि पुढच्या वेळी तोच विचार जास्त जोराने येतो. घरचेही नकळत या चक्रात ओढले जातात. ‘मी नीट धुतलं ना?’ ‘हो, धुतलंस.’ दिवसभर हा संवाद चालतो आणि प्रत्येक ‘हो’ आजाराला खतपाणी घालतो. म्हणून यातला मानसोपचार उलट्या दिशेने जातो. घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचं नाही. सोप्या गोष्टीपासून सुरुवात करून पायरीपायरीने, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली. कासाविशी चढते, असह्य होते, आणि न धुताही थोड्या वेळाने आपोआप उतरू लागते. हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतल्यावर मेंदू नवा धडा शिकतो. घरच्यांनाही ‘हो’ न म्हणायला शिकावं लागतं. जिथे सोवळं-ओवळं कडक, तिथे अशा बाईचं वर्षानुवर्षं कौतुकच होतं, आणि उपचार त्याच कौतुकामुळे लांबतात. कपाट नीट लावणाऱ्या मैत्रिणीला गमतीने ओसीडी म्हणण्याआधी हे चित्र डोळ्यांपुढे आणावं.

भास आणि भ्रम हे शब्द आपण बोलताना सरमिसळ करतो. मानसोपचारात ते वेगळे ठेवावे लागतात. भास ज्ञानेंद्रियांचा असतो: जवळ कुणी नसताना दोन माणसं आपल्याबद्दल बोलताना ऐकू येणं. भ्रम विचारांचा असतो: शेजारी पाळत ठेवतो आहे, जेवणात काहीतरी कालवलं आहे, बातम्या देणारी बाई आपल्यालाच उद्देशून बोलते आहे, अशी कुठल्याही पुराव्याने न हलणारी खात्री. कॉलेजात जाणारा मुलगा खोलीच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवतो, मोबाइल बंद करून पिंपात टाकतो, ताटातला पहिला घास आईला खायला लावतो. त्याच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही. ‘असं काही नाहीये’ म्हटलं की आपणही त्याच्या लेखी कटात सामील होतो. ‘तू घाबरला आहेस, झोपला नाहीस, त्यासाठी डॉक्टरांना दाखवू’ हे मात्र पुष्कळदा पटतं, कारण भीती आणि जागरण दोन्ही खरी असतात. स्किझोफ्रेनिया हा आजार बहुतेकदा अशा कोवळ्या वयात सुरू होतो. त्यात एका माणसात दोन माणसं नसतात, सिनेमांनी रूढ केलेली ती कल्पना चूक आहे. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी हा विषय जबाबदारीने हाताळला: ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’त विस्मरणाचा आजार, ‘कासव’मध्ये नैराश्य. ‘अस्तु’तल्या प्रमुख भूमिकेतले डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत.

मग अंगात येणं याचं काय, हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच. जत्रेत, आरतीच्या वेळी, ठरल्या प्रसंगी कुणाच्या अंगात येतं आणि नंतर तो माणूस नेहमीसारखा कामाला लागतो. केवळ तेवढ्यावरून आयसीडी त्याला आजार म्हणत नाही. तेच वेळीअवेळी, इच्छेविरुद्ध होऊ लागलं आणि माणसाचं जगणं विस्कटलं तर तो उपचाराचा विषय होतो. पुन्हा तेच तीन प्रश्न. धोका असतो तो पेशंटला मारझोड करणाऱ्या, साखळीने बांधणाऱ्या ‘उपायां’चा. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी अशा एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळता न आल्यामुळे जळून मेली. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाला गुन्हा मानतो. हा कायदा लोकांपर्यंत पोचवायचं काम अजून पुष्कळ बाकी आहे.

नेमक्या नावाचा आग्रह कशासाठी, याचं सगळ्यात ठळक उत्तर बायपोलर आजारात मिळतं. एखादा तरुण व्यापारी रात्र रात्र न झोपताही ताजातवाना असतो, एकदम तीन दुकानं काढायचं ठरवतो, कर्ज उचलतो, इतकं भरभर बोलतो की समोरच्याला तोंड उघडता येत नाही. घरचे आधी खूश असतात, पोरगं मार्गाला लागलं म्हणून. काही महिन्यांनी तोच माणूस नैराश्यात जातो आणि तेव्हा कुठे डॉक्टरांपुढे येतो. आधीच्या उत्साहाचा विषय कुणी काढत नाही. मग साधं नैराश्य समजून फक्त नैराश्यावरची गोळी सुरू झाली, तर पेशंट पुन्हा त्या उन्मादात जाऊ शकतो. इथे लागतात मूड स्थिर ठेवणारी औषधं. त्यांतलं लिथियम, ज्याचा उन्मादावरचा गुण ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये नोंदवला, आजही वापरात आहे. ते घेताना रक्तातलं प्रमाण, थायरॉइड आणि मूत्रपिंडं वेळोवेळी तपासावी लागतात. म्हणून डॉक्टरांनी नातेवाइकांना जुनी हकीकत विचारली तर ती मोकळेपणाने सांगा. लपवलेल्या एका महिन्यामुळे उपचार चुकू शकतो.

औषधांविषयी दोन गैरसमज सरसकट दिसतात. पहिला, ‘सगळ्या झोपेच्या गोळ्याच असतात, सवय लागते’. झोपेच्या आणि चिंता उतरवणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं, म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्या देतात. नैराश्यावरची औषधं त्या गटातली नाहीत. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे किंवा थोडं जास्तही लागतं, आणि आपल्याकडे आठव्या दिवशीच ‘फरक नाही’ म्हणून पाकीट बाजूला पडतं. दुसरा गैरसमज बरं वाटल्यावरचा: आता कशाला गोळ्या? अचानक बंद केल्याने त्रास होतो आणि आजार उलटतो. बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. शॉक ट्रीटमेंटचं चित्रही सिनेमातून आलेलं आहे. ती आता भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात, तसं न करणं कायद्याने बंद आहे, आणि जिवावर बेतलेल्या नैराश्यात तिने माणसं वाचतात.

कुणाकडे जायचं हेही अनेकांना ठाऊक नसतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस झाल्यावर मनोविकारशास्त्रात शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषधं देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात. समुपदेशकाची मदत नात्यांतल्या, अभ्यासातल्या, निर्णयांच्या अडचणींत होते. अनेक आजारांत औषध आणि मानसोपचार दोन्ही लागतात, आणि चांगला समुपदेशक गरज पडली की स्वतःहून डॉक्टरांकडे पाठवतो.

या शास्त्राने स्वतःची नावं बदललेलीही आहेत, हे वाचकाने जाणून घ्यावं. समलैंगिकता एके काळी आजारांच्या यादीत होती. अमेरिकन संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती काढून टाकली. त्या एका नोंदीपायी कित्येकांना ‘बरं’ करण्याच्या नावाखाली छळण्यात आलं होतं. म्हणून नाव देताना जपून राहायला हवं. आजाराचं नाव आजाराला असतं, माणसाला नाही. पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांत पेशंटला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्या गटांत बसलं की कळतं, स्किझोफ्रेनिया असलेला माणूस नोकरी करतो, गाणं म्हणतो, बहिणीच्या मुलांना गणित शिकवतो.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. १९१२च्या कायद्याच्या नावातच वेडेपणाचा उल्लेख होता. २०१७चा मानसिक आरोग्य देखभाल कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, उपचार मिळणं हा हक्क मानतो. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे बरे असताना लिहून ठेवायची सोय त्यात आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. साखळीने बांधायला मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं या कायद्याने गृहीत धरलं आहे, आणि त्याला आधार व उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

ही शेवटची तरतूद महाराष्ट्राने विशेष मनावर घ्यायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, आणि त्यांतल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, देशात सर्वाधिक. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजारच असतो असं नाही. कर्ज, पीक, घरातली मारहाण, जात, प्रेम, सगळं त्यात असतं. पण ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं थेट विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याने त्याला हायसं वाटतं. विचारायला घाबरू नका.

उपचार करणारी माणसं कमी आहेत हे खरं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारांनुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचं आढळलं. पण त्यावर वाट निघते, हे आपल्या शेजारच्या गोव्याने दाखवलं. तिथल्या ‘संगत’ संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या पेशंटना मोजक्या भेटींत मानसोपचार मिळवून दिले. पद्धत साधी होती. मन लागेल तेव्हा काम करीन, असं न म्हणता आधी एखादं छोटं काम ठरवायचं. परसात पाच मिनिटं चालणं, बहिणीला फोन, तुळशीला पाणी. मन मागून येतं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीने या उपचारांचा गुण सिद्ध केला. आपल्या आशाताईंच्या हाती हे कसब का देऊ नये?

या पुस्तकाच्या आधारे स्वतःचं किंवा दुसऱ्याचं निदान मात्र करू नका, भांडणात यातला शब्द फेकून तर मुळीच मारू नका. घरातल्या कुणाविषयी शंका आली तर किती दिवस, किती तीव्र आणि काय अडलं, हे एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तेही जमत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.